छावणीपलीकडचे विस्थापित : हैतीतील टोळ्यांचा अंमल आणि मदतकार्याचा आढावा

भूकंप, महापूर किंवा दुष्काळ यांनी घराबाहेर काढलेल्या माणसाला मदत कशी पोहोचवावी, याचे एक शास्त्र गेल्या शतकात बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. छळाच्या भयाने देशाची सीमा ओलांडणाऱ्या निर्वासिताचे हक्क कोणते, हेही १९५१ च्या जिनिव्हा करारानंतर निदान कागदावर तरी निश्चित झाले आहे. परंतु ज्या कुटुंबाला आपल्याच शहरातील, पुष्कळदा आपल्याच गल्लीत लहानाचे मोठे झालेल्या सशस्त्र तरुणांनी एका रात्रीत परागंदा केले, ज्याने सीमा ओलांडलेली नाही आणि ज्याचे घर कदाचित अजून उभेही आहे, मात्र त्या घरावर आता दुसऱ्याचा अंमल बसला आहे, त्या कुटुंबाला कोणत्या सदरात घालावे आणि त्याचा भार कोणी व किती काळ उचलावा, याविषयी सरकारांची आणि मदतसंस्थांची दप्तरे अद्याप चाचपडत आहेत. कॅरिबियन समुद्रातील हैती या देशात हा प्रश्न आज ज्या प्रखर स्वरूपात उभा आहे तसा तो क्वचितच अन्यत्र असेल; म्हणून मुख्यतः त्याच देशाच्या अनुभवावरून या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम त्याचा आवाका पाहू. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या गणनेप्रमाणे २०२३ च्या अखेरीस हैतीत सुमारे तीन लाख माणसे घरादारास मुकली होती; जानेवारी २०२५ मध्ये हा आकडा दहा लाख एक्केचाळीस हजारांवर गेला, जूनमध्ये तेरा लाखांच्या घरात पोहोचला आणि ऑक्टोबरमध्ये चौदा लाखांना भिडला. ज्या देशाची एकंदर लोकसंख्या सव्वा कोटीच्याही आत आहे, तेथे याचा अर्थ दर आठ-नऊ माणसांत एक विस्थापित असा होतो, आणि या विस्थापितांत निम्म्याच्या आसपास मुले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने एकट्या २०२४ सालात ५,६०१ हत्यांची नोंद केली. देशातील जवळजवळ निम्म्या लोकांना पोटभर अन्नाची शाश्वती नाही, असे २०२५ च्या अन्नसुरक्षा-पाहणीचे सांगणे आहे.

हे विस्थापन घडविणाऱ्या सशस्त्र टोळ्या काही आकाशातून पडलेल्या नाहीत. गुलामांनी स्वपराक्रमाने १८०४ साली स्थापन केलेल्या या प्रजासत्ताकावर फ्रान्सने १८२५ मध्ये आपल्या मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी पंधरा कोटी फ्रँकांची खंडणी बसविली. ती पुढे नऊ कोटींवर उतरली तरी तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचे ओझे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या देशाच्या खजिन्यावर राहिले. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी सैन्याचा तळ तेथे होता, आणि १९५७ पासून १९८६ पर्यंत दुव्हालिए पितापुत्रांनी 'तोंतों माकूत' या आपल्या खाजगी दहशतदलाच्या जोरावर राज्य केले. १९९५ मध्ये सैन्य मोडीत निघाले. त्याची जागा भरून काढण्याजोगे पोलीसदल मात्र उभे राहिले नाही. त्या पोकळीत राजकारण्यांनी मतांसाठी आणि काही धनिकांनी गोदामे व बाजारपेठा राखण्यासाठी वस्तीवस्तीतील तरुणांना पैसा आणि बंदुका पुरविल्या, ज्यांतील बहुतेक अमेरिकेतून चोरट्या मार्गाने येत. ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हेनेल मोईझ यांची त्यांच्या निवासस्थानी हत्या झाली आणि पोसणाऱ्यांच्या हातातील दोरी जी सुटली ती सुटलीच. अपहरण, खंडणी आणि रस्त्यावरील जकात यांच्या उत्पन्नावर टोळ्या स्वयंपूर्ण झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये अखेरच्या सेनेटरांची मुदत संपल्यावर लोकांनी निवडून दिलेला एकही प्रतिनिधी देशात उरला नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांनी 'व्हिव्ह आन्सान्म' या नावाखाली एकजूट केली, तुरुंग फोडून चार हजारांवर कैदी मोकळे केले आणि पंतप्रधान एरियल आंरी यांना पायउतार व्हावयास लावले. राजधानी पोर्त-औ-प्रँसचा सुमारे नऊदशांश भाग आज कोणत्या ना कोणत्या टोळीच्या दहशतीखाली आहे, असा संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचा अंदाज आहे.

येथील विस्थापनाचा पहिला विशेष असा की ते एकदाच घडून थांबत नाही. जून २०२१ मध्ये मार्तिसाँ हा भाग पडला आणि त्याबरोबर दक्षिणेकडील चार जिल्ह्यांचा राजधानीशी असलेला खुष्कीचा मार्ग तुटला. ऑगस्ट २०२३ मध्ये कारफूर-फेय रिकामे झाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये सोलिनो. एका वस्तीतून निघालेले कुटुंब दुसऱ्या वस्तीत बिऱ्हाड थाटते न थाटते तोच तीही टोळीच्या ताब्यात जाते. या फरफटीचे कनान हे गाव बोलके उदाहरण आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर राजधानीच्या उत्तरेस असलेला उजाड माळ सरकारने सार्वजनिक उपयोगासाठी म्हणून जाहीर केला, आणि बेघर झालेल्या लोकांनी तेथे आधी ताडपत्रीच्या, मग फळ्यांच्या, मग सिमेंटच्या विटांच्या भिंती उभारून, आपल्या हातांनी रस्ते आखून, दोनएक लाख वस्तीचे एक नगरच वसविले. बायबलमधील वचनदत्त भूमीचे नाव त्यांनी त्या माळाला दिले. आज त्याच कनानवर टोळीचा अंमल आहे, उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गावर तिचा जकातनाका बसला आहे, आणि भूकंपाने घर हिरावलेल्यांपैकी कित्येकांना बंदुकीने पुन्हा रस्त्यावर आणले आहे. निसर्गाचा कोप ओसरल्यावर माणूस घरी परततो. टोळीचा कोप ओसरत नाही, तो त्याच घराच्या उंबरठ्यावर ठाण मांडून बसतो. म्हणून आपत्तीतील मदतीच्या प्रचलित शिरस्त्यात जी एक मुदत गृहीत धरलेली असते, ती येथे लागू पडत नाही.

घर सुटल्यावर ही माणसे जातात कोठे? सर्वांच्या नजरेस येतात त्या शाळा, सरकारी कचेऱ्या, चर्चची आवारे आणि सार्वजनिक चौक येथील वस्त्या. राजधानीतील व्हिन्सेंट व्यायामशाळा आणि मारी-जान विद्यालय यांसारख्या इमारतींनी अशी शेकडो कुटुंबे सामावून घेतली. वर्गातील बाके भिंतीशी रचावयाची, दोऱ्यांवर चादरी टाकून खोलीचे चार-सहा भाग पाडावयाचे, एकेका भागात एकेक संसार मांडावयाचा आणि पाऊस आला की व्हरांड्यात निजणाऱ्यांनाही आत घ्यावयाचे, असा तेथला शिरस्ता. मदतकार्याचे 'स्फिअर' म्हणून ओळखले जाणारे किमान निकष असे सांगतात की माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, दिवसाला पंधरा लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक शौचकूप असावा. या निकषांच्या जवळपासही न जाणाऱ्या जागेत महिनेच नव्हे, वर्षे काढावी लागतात. न्हाणीघराला दार नाही, रात्री दिवा नाही, आणि त्यामुळे स्त्रियांवर व मुलींवर होणारे अत्याचार हे या वस्त्यांचे सर्वांत भीषण अंग होय. शौचकुपाला आतून लागणारी कडी आणि वाटेवर सौरदिवा या गोष्टी मदतीच्या याद्यांत किरकोळ खर्चात मोडतात, पण त्यांचे मोल शिध्याहून कमी नाही. शिवाय शाळेत वस्ती झाली की त्या शाळेतील मुलांचे शिक्षण थांबते, म्हणजे एकाचे छत ते दुसऱ्याचे नुकसान ठरते; आणि शाळा सुटलेला, उपाशी, पोरका मुलगा हाच टोळीच्या भरतीचा कच्चा माल असतो. टोळ्यांमध्ये तीस ते पन्नास टक्के अल्पवयीन मुले आहेत, असे युनिसेफचे अनुमान आहे.

परंतु या वस्त्या म्हणजे सगळे विस्थापित नव्हेत. किंबहुना त्यांचा तो लहानसा भाग आहे. २०२५ च्या आरंभीच्या गणनेत सुमारे ८३ टक्के विस्थापित कोणत्याही छावणीत नव्हते. ते आपल्या चुलतभावाच्या, मावशीच्या, जुन्या शेजाऱ्याच्या, एकेकाळच्या गावकऱ्याच्या घरी राहत होते, आणि त्यांतील बहुसंख्य राजधानी सोडून आर्तिबोनित, मध्य आणि दक्षिणेकडील जिल्ह्यांत पांगलेले होते. हैतीच्या खेड्यांत एका अंगणाभोवती रक्ताच्या नात्याची चार-पाच घरे असण्याची जी 'लाकू' नावाची जुनी रचना आहे, शेतीच्या कामांत एकमेकांस हात देण्याची जी 'कोंबित' नावाची वहिवाट आहे, त्या दोहोंवर हा सारा डोलारा उभा आहे. यजमान कुटुंब बहुधा पाहुण्याइतकेच गरीब असते. पहिल्या महिन्यात ते आपल्या ताटातले वाढते, तिसऱ्या महिन्यात बियाण्यासाठी राखलेले धान्य काढते, सहाव्या महिन्यात शेळी विकते, आणि त्यानंतर उभयतांमध्ये अबोला सुरू होतो. गावच्या विहिरीवर रांग लांबते, शाळेतील एका बाकावर चौघांऐवजी सहा मुले बसतात, मजुरीचा दर उतरतो. हे सगळे विखुरलेले असल्यामुळे छायाचित्रात मावत नाही. साहाय्याची नजर छावणीवर खिळलेली आणि संकटाचा भार घरांवर पडलेला, ही या प्रश्नातील मूळ विसंगती होय. आणि सर्वांत मोठी मदतसंस्था कोणती असे कोणी विचारले, तर ती म्हणजे हे यजमान घर, असेच उत्तर द्यावे लागेल.

यात तिसरा वर्ग मिळतो तो परत धाडलेल्यांचा. डोमिनिकन रिपब्लिकने ऑक्टोबर २०२४ मध्ये आठवड्याला दहा हजार हैतीवासीयांना देशाबाहेर काढण्याचे धोरण जाहीर केले. वानामिंत आणि बेलादेर येथील सीमानाक्यांवर ट्रकमधून उतरविलेल्या या माणसांत अनेकांना परतावयास घरच नसते, कारण ते ज्या वस्तीतून गेले ती दरम्यान टोळीने गिळलेली असते.

मदतीचे प्रत्यक्ष स्वरूप आता पाहू. राजधानीतील वस्त्यांत चूल मांडावयास जागा नाही, कोळसा महाग आणि भांडी मागे राहिलेली. म्हणून तेथे कोरडा शिधा वाटून भागत नाही. जागतिक अन्न कार्यक्रमाने यावर स्थानिक संस्थांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांचा मार्ग काढला. पहाटे मोठ्या हंड्यांत भात आणि घेवडा शिजतो, झाकणाच्या डब्यांत भरला जातो आणि कोणत्या रस्त्यावर त्या दिवशी गोळीबार नाही याचा तपास करून मगच गाडी निघते. रांधणाऱ्या बायका बहुधा त्याच परिसरातल्या, कित्येकदा स्वतःही विस्थापित. त्यामुळे मजुरीचे चार पैसेही वस्तीतच राहतात. जेथे बाजार चालू आहे तेथे मोबाइलवरून रोकड पाठविण्याची पद्धत अधिक फलदायी ठरते, कारण कुटुंबाला आधी औषध हवे की शाळेची फी की खोलीचे भाडे, हे कुटुंबच जाणते. पाणी टँकरने येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॉलरा परत आल्यापासून तर क्लोरीनची गोळी ही जीवनावश्यक वस्तू झाली आहे. वैद्यकीय मदतीची कथा मात्र खेदजनक आहे. 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेने आपल्या रुग्णवाहिकेवरील हल्ल्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानीतील काम काही काळ थांबविले. आणि ३१ मार्च २०२५ रोजी मिर्बाले शहरावर टोळ्यांनी हल्ला चढविल्यावर तेथील सुमारे तीनशे खाटांचे, साऱ्या मध्य हैतीला आधार असलेले विद्यापीठ-रुग्णालय बंद करावे लागले.

रसद पोहोचविणे हे या कार्यातील सर्वांत बिकट प्रकरण. राजधानीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक महामार्गावर टोळीचे नाके आहेत; मालमोटारीमागे ठरलेली रक्कम मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती मोजूनही पुढच्या नाक्यावर गाडी अडणार नाही याची हमी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये गोनाइव्ह येथील गोदामातून सुमारे १,४०० टन धान्य लुटले गेले. विमानतळ २०२४ मध्ये मार्चपासून मेपर्यंत बंद राहिला. त्या मार्चमध्ये भारत सरकारलाही आपल्या बारा नागरिकांना 'ऑपरेशन इंद्रावती' या मोहिमेने डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हलवावे लागले. संयुक्त राष्ट्रांची हेलिकॉप्टरे काप-आयसियाँ, ले काय, जेरेमी या शहरांशी संबंध राखून आहेत, पण हेलिकॉप्टरने औषधे जातात, तांदूळ जात नाही. अशा स्थितीत नाक्यावरच्या म्होरक्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नसते. मदतसंस्था ही बोलणी बहुधा गावातील पाद्री, शिक्षक किंवा बाजारकरणी यांच्या मध्यस्थीने करतात, आणि कोणाचाही पक्ष न घेता गरजेनुसार मदत द्यावयाची या तत्त्वाचा त्यांना आधार असतो. मात्र २ मे २०२५ रोजी अमेरिकेने व्हिव्ह आन्सान्म आणि आर्तिबोनितमधील ग्रान ग्रिफ ही टोळी यांना दहशतवादी संघटना ठरविल्यापासून, नाक्यावर मोजलेला पैसा हा उद्या दहशतवाद्यांना केलेले साहाय्य म्हणून गणला जाईल काय, ही नवी धास्ती लागली आहे. पैसे द्यावेत तर टोळी पोसली जाते, न द्यावेत तर गाव उपाशी राहते. या पेचाला तात्त्विक उत्तर नाही. व्यवहारात एवढेच करता येते की लांबून माल वाहून नेण्याची गरजच कमी करावी.

येथे पूर्वानुभव उपयोगी पडतो, आणि तो आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात जणू एकत्र साठला आहे. हे खोरे हैतीचे भाताचे कोठार. १९९५ मध्ये तांदळावरील आयातकर पन्नास टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला गेला, अमेरिकेतील अनुदानित तांदळाने बाजार भरला आणि येथील शेतकरी बुडाला. या धोरणाची चूक अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये जाहीरपणे कबूल केली. त्याच वर्षी, मिर्बालेजवळील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळातून गेलेल्या मैल्याने याच नदीत कॉलरा शिरला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांनी दिलगिरी व्यक्त केली ती २०१६ च्या डिसेंबरात. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी याच खोऱ्यातील पाँ-सोंदे या गावात ग्रान ग्रिफने केलेल्या हत्याकांडानंतर सहा हजारांवर लोक गाव सोडून गेले. २०१० च्या भूकंपानंतर अब्जावधी डॉलर आले, परंतु त्यांतील नगण्य भागच हैतीचे सरकार आणि हैतीतील संस्था यांच्या हाती पडला. परक्या संस्था आल्या, खर्च झाला, अहवाल छापले गेले, आणि त्या गेल्यावर मागे कारभार करणारे कोणी उरले नाही. आता अन्न कार्यक्रम शालेय भोजनासाठीच्या धान्याचा मोठा भाग स्थानिक शेतकऱ्यांकडून विकत घेतो, हा त्या अनुभवातून घेतलेला शहाणपणा होय. जवळच्या शेतातले धान्य जवळच्या शाळेत शिजले, तर ते कोणत्याही नाक्यावरून जात नाही, शेतकरी जमिनीवर टिकतो, आणि विस्थापिताचे व यजमानाचे मूल एकाच पंगतीत जेवते.

घरभाड्याचा प्रश्नही असाच अनुभवाने शिकण्याजोगा आहे. हैतीतील शहरी गरीब बहुधा भाडेकरू असतो आणि भाडे वर्षाचे एकरकमी आगाऊ मोजावे लागते. २०१० नंतर छावण्या उठविताना कुटुंबाला वर्षभराच्या भाड्यासाठी सुमारे पाचशे डॉलर देण्याची योजना बऱ्यापैकी यशस्वी झाली, कारण त्या वेळी राहण्याजोग्या वस्त्या शिल्लक होत्या. आज तीच रक्कम राजधानीत दिली, तर ती उद्या पडणाऱ्या वस्तीत गुंतते आणि कुटुंबाची वर्षाची पुंजी एका रात्रीत बुडते. प्रांतांतील शहरांत ती दिली, तर तिला काही अर्थ राहतो.

कायद्याच्या बाजूने पाहता, १९९८ मध्ये फ्रान्सिस डेंग यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांपुढे आलेली अंतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे हिंसाचाराने घर सोडणाऱ्यांनाही लागू पडतात, पण ती बंधनकारक नाहीत. कोलंबियाने १९९७ मध्येच स्वतंत्र कायदा केला. एल साल्व्हादोरचे सरकार टोळ्यांमुळे विस्थापन होते हेच मान्य करीत नव्हते. २०१८ मध्ये तेथील घटनापीठाने तसे मानावयास लावले आणि २०२० मध्ये कायदा आला. होंडुरासने तसा कायदा २०२२ च्या अखेरीस संमत केला. केवळ कायद्याने कोणाचे घर परत मिळत नाही, हे खरे. तथापि विस्थापित म्हणून सरकारदरबारी नाव लागणे, हरवलेला जन्मदाखला मिळणे आणि सोडून आलेल्या जागेवरील हक्काची नोंद राहणे, या गोष्टींवाचून परतीचा दिवस उगवला तरी परतणाऱ्याच्या हाती पुरावा नसतो.

सुरक्षेच्या आघाडीवर केनियाच्या नेतृत्वाखालील पोलीसपथके जून २०२४ पासून आली, ती संख्येने व साधनांनी अपुरी पडली; सप्टेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने त्यांच्या जागी साडेपाच हजारांच्या टोळीविरोधी दलास मंजुरी दिली. असे दल यशस्वी झाले तरी प्रत्येक चकमकीने आरंभी नवे विस्थापित निर्माण होणार, हे गृहीत धरून मदतीची तरतूद आधी झाली पाहिजे. नेमकी तीच नाही. २०२५ साठी हैतीकरिता मागितलेले सुमारे ९१ कोटी डॉलर वर्ष अर्धे सरले तरी दशांशानेही जमले नव्हते आणि जगातील मदत-आवाहनांत हैतीचे स्थान तळाला होते. त्याच वर्षी अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्थाच गुंडाळली.

पैसा कमी असला म्हणजे तो कोठे खर्चावा याचा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो, आणि या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष त्यासाठीच उपयोगी आहे. छावण्यांतील माणसांचे अन्न, पाणी आणि स्त्रियांची सुरक्षितता यांत कपात करण्यास जागा नाही. तो भार उचलावाच लागेल. परंतु नव्याने येणारा प्रत्येक डॉलर प्रथम यजमान घराकडे आणि त्या घराच्या गावाकडे वळला पाहिजे: पाहुण्याच्या नावाबरोबर यजमानाचेही नाव यादीत, दोघांना मिळून रोकड, गावच्या शाळेला वाढीव वर्ग, विहिरीला नवा पंप, शेतकऱ्याला बियाणे, आणि या सर्वाचा हिशेब ठेवण्यासाठी नगरपालिकेच्या कचेरीत एक पगारी कारकून. यात दया कमी आणि व्यवहार अधिक आहे. यजमान घर मोडले, तर त्यातील दोन्ही कुटुंबे छावणीत येतील आणि आजच्या दुप्पट खर्चातही त्यांचे भागणार नाही. ते घर तगले, तर राजधानीतील बंदुका थंडावेपर्यंत लाखो माणसे माणसांसारखी जगू शकतील. मदतकार्याचे यश वाटलेल्या ताटांच्या संख्येवर मोजण्याची रीत सोडून, वर्षअखेरीस किती यजमानांनी आपल्या पाहुण्यांना अजून ठेवून घेतले आहे या एका आकड्यावर ते मोजले गेले, तर पैसा कोठे जावयास हवा होता हे आपोआप दिसू लागेल.